हरबाजी साहेब, आपलं भांडण अजून मिटलेलं नाही

साहेब,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात तुमचं आडनाव चुकलं आहे, वय दोन वर्षांनी कमी झालं आहे (त्याबद्दल तुमची तक्रार नसती) आणि शेवटी लिहिलं आहे, 'नागपुरात दीर्घकाळ वास्तव्य केलेले परदेशी वास्तुविशारद'. मी ती ओळ गणपत मिस्त्रींना वाचून दाखवली. ते आता ऐंशीला आलेत, कान मंद झालेत, म्हणून दोनदा वाचावी लागली. दुसऱ्या वेळी ऐकू गेली आणि ते चिडले.

"परदेशी कोन? आपले हरबाजी? त्या पेपरवाल्याले विचारा, तू कोठचा हायेस गा?"

हर्बर्ट लोमान हे नाव मिस्त्रींच्या जिभेवर कधी बसलंच नाही. सावनेरकडच्या त्यांच्या गावात हरबाजी नावाचे दोन जण होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तिसरे झालात. तुम्हाला ते नाव इतकं आवडलं की फोन उचलूनसुद्धा "हरबाजी बोलून राहिलो" म्हणायचात, आणि पलीकडचा सरकारी माणूस गोंधळून फोन ठेवून द्यायचा.

तुमचा जन्म, शिक्षण, कामांची यादी यातलं काही मी इथं लिहिणार नाही. मी लिहायला बसले ते आपलं भांडण अर्धवट राहिलं म्हणून. नऊ वर्षं चाललं आणि ऐन रंगात असताना तुम्ही उठून गेलात. आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागणार.

तुमच्यासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा वीस वर्षांची होते. उमरेडहून सकाळच्या एसटीनं आले होते. हातात आयटीआयमधल्या ड्रॉइंगची गुंडाळी, आणि बसमध्ये ती चुरगळू नये म्हणून तासभर ती उभी धरून दुखावलेलं मनगट. धंतोलीत सायकलच्या दुकानावर तुमचं ऑफिस होतं. त्याआधी दोन ठिकाणी मी जाऊन आले होते. तिथं मला विचारलं होतं, वडील काय करतात, लग्नाचं काय, रोज एवढ्या लांबून कशी येणार. तुम्ही गुंडाळी उघडलीत, नकाशाच्या कोपऱ्यातली अक्षरं भिंगातून पाहिलीत, आणि विचारलंत, "पेन्सिल कोनती?"

"टू-एच," मी म्हटलं.

"काहून?"

मला हसू आवरेना. सहा फूट उंचीचा, खाकी अर्धी पँट घातलेला गोरा माणूस मला 'काहून' विचारत होता! तो शब्द मी आयटीआयच्या पहिल्या महिन्यातच टाकून दिला होता. वर्गातल्या शहरातल्या मुली हसायच्या. 'मले', 'तुले', 'काहून' हे सगळं मी उमरेडच्या बसमध्ये चढताना तोंडात घ्यायचे आणि नागपूरला उतरताना सोडून द्यायचे. तुम्हाला मी अगदी पुस्तकी भाषेत उत्तर दिलं, की टू-एचची रेघ पसरत नाही आणि हात लागला तरी कागद काळा होत नाही.

"सोमवारपासून या," तुम्ही म्हणालात. वडिलांचं नाव तुम्ही विचारलंत ते पगाराच्या कागदासाठी, तेही महिन्याभरानं.

तुमची मराठी तुम्ही मिस्त्रींकडून आणि विटा वाहणाऱ्या रेजांकडून उचलली होती. त्यामुळे तुम्हाला आदरार्थी बोलणं असं वेगळं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई, ज्यांच्यासमोर अख्खं कॉलेज चळचळा कापायचं, त्यांना तुम्ही "काहून वं बाई, रागावून काहून राहिली?" असं विचारलंत, तेव्हा मला जमिनीत शिरावंसं वाटलं. बाई लाल झाल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. मी तुम्हाला बाहेर आल्यावर समजावलं. तुम्ही मनापासून शरमलात आणि पुढच्या भेटीत त्यांना "काहून वं बाईसाहेब" म्हणालात.

लिंगांचं तर विचारूच नका. ती दार, ते खिडकी, ती जिना. मी सुधारायला गेले की म्हणायचात, आमच्याकडंही तीनच लिंगं आहेत, पण वाटणी निराळी झाली आहे. 'ते घर' एवढंच दोन्हीकडं सारखं. ते तुम्ही कधी चुकला नाहीत.

त्या वसतिगृहाचीच गोष्ट सांगायला हवी. लोकांना तुमच्या गाजलेल्या इमारती माहीत आहेत, पण मला तुमचा अभिमान पहिल्यांदा वाटला तो तुमच्या फसलेल्या इमारतीमुळे.

ज्या कारखान्याच्या वसाहतीसाठी तुम्ही जर्मनीहून आलात तिचं काम संपवून तुमच्याबरोबर आलेले चौघे जर्मन परत गेले आणि तुम्ही एकटे मागे राहिलात. त्यानंतरचं तुमचं स्वतःचं पहिलं काम हे वसतिगृह. तीन मजले, आणि पश्चिमेला वरपासून खालपर्यंत काच. नकाशात ते फार देखणं दिसायचं. मीच शाई भरली होती. पहिल्या उन्हाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, मुली दुपारी गाद्या ओढत बाहेरच्या व्हरांड्यात येऊन बसायला लागल्या. खोलीत पुस्तक हातात धरवत नव्हतं. रेक्टरबाईंचं पत्र आलं. ऑफिसातल्या सगळ्यांचं मत पडलं की जाड पडदे लावायला सांगावेत, आणि विषय संपवावा.

मुली सुट्टीला घरी गेल्या आणि वसतिगृह रिकामं झालं, तेव्हा तुम्ही बाईंची परवानगी काढून पश्चिमेच्या खोलीत राहायला गेलात. ऐन मे महिन्यात. एक खाट, एक माठ, एक तापमापी. चार दिवसांनी परत आलात तेव्हा अंगभर घामोळ्या, ओठ फुटलेले, आणि वहीत दर तासाची नोंद. तुम्ही वसतिगृहाचा मूळ नकाशा भिंतीवर टाचलात आणि त्यावर लाल पेन्सिलीनं मराठीत लिहिलंत, 'चूक'. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दिसायचा. मी एकदा म्हटलं, काढू या का आता? तुम्ही म्हणालात, "राहू दे. मले वाचता येते एवढा एकच मराठी शब्द आहे." ते खोटं होतं. तुम्हाला दुकानांच्या पाट्याही वाचता यायच्या.

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीला तुम्ही मला दुभाषी म्हणून नेलंत. गरज पडली नाही. तुम्ही उभे राहिलात आणि स्वतःच बोललात, "चूक माझी आहे. काच मी लावली. इथं सूर्य कसा तापते ते मी पाह्यलंच नाही."

कोणाला कुठं पाहावं कळेना. आमच्याकडं अशी रीत नव्हती, साहेब. आमच्याकडं इमारत गळली की पावसाची चूक असते. अध्यक्षांनी सावरून घेतलं, "नाही नाही, साहेब, यंदा ऊनच फार होतं."

"ऊन दरसालचं आहे," तुम्ही म्हणालात. "चूक यंदाची आहे."

त्यावर उपाय सुचवला गणपत मिस्त्रींनी. "सायेब, माह्या घरी खिडकीच्या पुढं इटाची जाळी हाय. ऊन तिथंच अडते, वारा मधात येते." पुढच्या रविवारी तुम्ही त्यांच्या घरी जाऊन ती जाळी मोजलीत, वीट न् वीट. काचेपासून दोन हात अंतर सोडून तशीच जाळी वसतिगृहाला तिन्ही मजले चढली. पुढच्या उन्हाळ्यात मुली खोल्यांत बसून अभ्यास करत होत्या. लोक तिला 'जर्मन जाळी' म्हणायला लागले. मिस्त्रींना त्याची भारी गंमत वाटायची: "माह्या बापानं बांधली, अन् झाली जर्मन!" तुम्ही मात्र प्रत्येकाला थांबवून सांगायचात, गणपत जाळी म्हणा. कोणी म्हटलं नाही. पण सांगणं तुम्ही सोडलं नाहीत.

तिथपासून तुमची मे महिन्याची फेरी सुरू झाली. दरवर्षी, दुपारी तीनच्या सुमाराला, जेव्हा नागपुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, तेव्हा तुम्ही डोक्याला ओला पंचा बांधून आपल्या जुन्या इमारतींना भेटायला निघायचात. शाळा, दवाखाने, धंतोलीतली घरं. मी वही घेऊन मागे. लोक झोपेतून उठून दार उघडायचे, घाबरायचे, काही कागदपत्रांचं काम निघालं का म्हणून. तुम्ही सरळ आत जाऊन पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावायचात. तसाच ठेवायचात, नाडी पाहिल्यासारखा. मग घरातल्या बाईला विचारायचात, दुपारी कुठं झोपता? ती ज्या खोलीचं नाव सांगेल ती खोली पाहायचात, आणि ज्या खोल्यांची नावं ती घेणार नाही त्यांची नोंद मला करायला सांगायचात. पन्हं मात्र सगळीकडं मिळायचं. आठवी-नववी फेरी येईपर्यंत लोक मे महिना लागला की कैऱ्या उकडून तयार असायचे.

मी एकदा विचारलं होतं, साहेब, तुम्ही परत काहून नाही गेलात? (माझ्या तोंडून 'काहून' निघालं ते तेव्हा. तुम्ही लक्षात आल्याचं दाखवलं नाहीत, पण तुमच्या लक्षात आलं होतं.) तुम्ही म्हणालात, "इथं इमारतीले खोटं बोलता येत नाही. मे महिन्यात सगळं उघडं पडते." लढाईच्या वर्षांबद्दलही मी एकदाच विचारलं. तुम्ही टी-स्क्वेअर पुसत होता. "पूल बांधले," तुम्ही म्हणालात. "मग तेच पूल उडवले." पुढं मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. विचारायला हवं होतं असं आता वाटतं. किंवा नकोच.

दरम्यान तुम्ही मला आर्किटेक्चरच्या कॉलेजात घातलंत. पाच वर्षं अर्धा दिवस कॉलेज, अर्धा दिवस ऑफिस. मी कंटाळून सोडायला निघाले की तुम्ही भांडायचात. तेव्हा मला वाटायचं हा तुमचा हट्ट आहे. त्याचा उपयोग पुढं असा होईल हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मग नोंदणीचा नियम आला. नकाशावर सही करायची तर नाव नोंदलेलं हवं, आणि नोंदणीला मूळ प्रमाणपत्र हवं. तुमचं प्रमाणपत्र लढाईत तुमच्या कॉलेजासकट जळालं होतं, आणि ते शहर लढाईनंतर सरहद्दीच्या दुसऱ्या बाजूला, परक्या देशात गेलं होतं. पत्रं गेली, पत्रं आली. कोणी वाईट वागलं नाही. सगळे हळहळले, सगळ्यांनी चहा पाजला. पण जिल्हाभर इमारती उभ्या केलेला माणूस कागदावर कोणीच नव्हता. त्या आठवड्यात तुम्ही ऑफिसातल्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून ठेवलीत. शंभरएक तरी असतील. एकही वापरली नाहीत.

आणि नेमकं तेव्हाच उमरेडच्या विणकरांच्या सोसायटीचं काम आलं. चाळीस हातमाग एका छपराखाली. माझं गाव, माझ्या वडिलांचं काम. तुमचा आराखडा तयार होता. तुम्ही तो माझ्यासमोर ठेवलात, पेन ठेवलंत, आणि म्हणालात, "सही कर. तुझी नोंदणी आहे."

"इमारत तुमची आणि सही माझी? ही चोरी आहे, साहेब."

"मग इमारत तुझी कर," तुम्ही म्हणालात आणि बाहेर निघून गेलात.

रागानं म्हणालात की विचार करून, हे मला आजही ठरवता येत नाही. मी मात्र ते शब्दशः घेतलं. आराखडा घेऊन उमरेडला गेले, आणि बाबांच्या मागाशी जमिनीवर पसरून बसले. बाबांनी कामातून मान वर न करता विचारलं, "हे भोकं कायचे?"

"जाळी आहे, बाबा. वारा येईल."

"वारा?" त्यांनी धोटा थांबवला. "उन्हाळ्यातला वारा? अन् सुताचं काय करतं?"

मी विणकराची मुलगी, साहेब. चैत्र लागला की बाबा पहाटेच कामाला का बसतात, दुपारी दार-खिडक्या लावून जमिनीवर पाणी का शिंपडतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. कोरड्या वाऱ्यानं सूत कडक होतं आणि तुटतं. माग खड्ड्यात असतो तो ओलाव्यासाठी. हे सगळं ठाऊक असून तुमच्या जाळीचे नकाशे काढताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शिकताना मी घर विसरले होते.

परत येऊन मी तुम्हाला सांगितलं, जाळी चालणार नाही. तुम्ही ऐकूनच घेईनात. जाळीनं इतकी वर्षं काम दिलं होतं. वीस इमारती तिच्या जोरावर उभ्या होत्या. "वारा पाह्यजेच," तुम्ही म्हणालात. "वाऱ्याशिवाय चाळीस माणसं मरतील."

"चाळीस माणसं नाही मरत. चाळीस माग मरतात."

तुम्ही टेबलावर हात आपटलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर सोळा दिवस आपण बोललो नाही. शेजारच्या टेबलांवर बसून चिठ्ठ्या पाठवायचो.

इथं मला एक कबूल करायचं आहे. त्या सोळा दिवसांत मी भोपाळच्या एका नोकरीला होकार कळवला होता. पत्र टाकून आले होते. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सतराव्या दिवशी सकाळी उमरेडच्या बसमध्ये मी चढले, शनिवार होता, नागपुरातल्या खोलीवरून घरी जायला निघाले होते, आणि पाहते तर खिडकीशी तुम्ही. डोक्याला ओला पंचा. बाजूला जागा धरून ठेवलेली.

बाबांनी तुम्हाला मागाशेजारी बसवलं. तुमचे पाय खड्ड्यात मावेनात. दुपारचे दोन वाजले होते, दारं लावलेली होती, बाबा विणत होते आणि सूत नीट चाललं होतं. मग बाबा उठले आणि त्यांनी दार सताड उघडलं. गरम झळ आत आली. ते परत बसले, विणू लागले. थोड्या वेळात एक धागा तुटला. बाबांनी तो गाठ मारून जोडला. दुसरा तुटला. तिसरा. तुम्ही बोटांवर मोजत होता. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तुम्ही स्वतः उठून दार लावलंत.

"साहेब," बाबा म्हणाले, "वारा मानसाले बरा. सुताले नाई."

"बरोबर आहे," तुम्ही म्हणालात.

परतीच्या बसमध्येही तुम्ही माझ्या शेजारी बसलात. हुडकेश्वरचा फाटा गेला, शहरातले दिवे दिसायला लागले, तेव्हा म्हणालात, "आता तू काढ. मी ट्रेसिंग करतो."

मला वाटलं, बोलायची पद्धत. पण सोमवारी तुम्ही खरंच माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर येऊन बसलात. साठीला टेकलेला माणूस, ज्याच्या हाताखाली मी शिकले, तो माझ्या कच्च्या रेघा गिरवत होता, कोपऱ्यातली अक्षरं लिहीत होता, आणि विचारत होता, "ही खिडकी इतकी खाली काहून?" मी सांगायचे, खड्ड्यात बसलेल्या माणसाचा डोळा तिथं असतो. "ही भिंत दुहेरी काहून?" ओलावा धरून ठेवायला. "पाण्याची कुंडी खिडकीखाली काहून?" पटलं की तुम्ही पुढची रेघ ओढायचात. नाही पटलं तर पेन्सिल खाली ठेवायचात, आणि मला पुन्हा विचार करावा लागायचा. उत्तरेच्या खिडक्या मी तीनदा बदलल्या ते तुमच्या खाली ठेवलेल्या पेन्सिलीमुळं. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, आणि त्याखालची पोकळी हे सर्वस्वी तुमचं. म्हणून तर मी म्हणते, इमारत दोघांची.

भोपाळला मी दुसरं पत्र पाठवलं, नकाराचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दगड आला. त्यावर एकच नाव होतं, माझं. मी सोसायटीच्या लोकांना दोन नावं सांगितली होती. तुम्ही मागाहून जाऊन एक काढायला लावलंत. तिथून आपलं भांडण सुरू झालं. पाहुण्यांनी भाषणात जर्मन तंत्रज्ञानाचं कौतुक केलं आणि तुम्हाला शोधू लागले, तेव्हा तुम्ही मागच्या रांगेतून हात वर करून सांगितलंत, "मी ड्राफ्ट्समन आहे. आर्किटेक्ट बाई तिकडं बसली." सगळे वळून माझ्याकडं पाहू लागले. बाबा माझ्या शेजारी होते. समारंभ संपल्यावर त्यांनी चष्मा काढला, दगडाशी वाकले आणि एकेक अक्षर बोटानं चाचपत माझं नाव वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा. मागे लोकांची रांग थांबली होती, कोणी घाई केली नाही.

त्या इमारतीत आता वर्षभर दिवसभर माग चालतात. मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा. दुसऱ्या गावांचे विणकर बघायला येतात.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे: नावं दोन हवीत. तुमचं म्हणणं, नियमाप्रमाणं सही एकाची, चूक झाली असती तर ती एकाच्या अंगावर आली असती, मग नावही एकच. मी म्हणायचे, कवेलू कोणाचे? तुम्ही म्हणायचात, जाळी कोणी काढून टाकली? नऊ वर्षं, साहेब. चहाच्या वेळी, बसमध्ये, फेरीच्या उन्हात. यंदाच्या मे महिन्यात तुम्ही दवाखान्यात होता. फेरी मी एकटीनं केली आणि रोज संध्याकाळी वही घेऊन तुमच्या खाटेशी आले. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. वसतिगृह? ठीक. सावनेरचा दवाखाना? पश्चिमेची भिंत तापली, जाळीच्या विटा कोणी काढून नेल्या. तुम्ही एक डोळा उघडलात, "नीट करून घे." मग वॉर्डच्या छताकडं पाहून म्हणालात, हा झरोका ज्यानं काढला त्याले इथं आणून झोपवा. नर्स हसली.

शेवटच्या दिवशी मी पुन्हा दगडाचा विषय काढला. वाटलं, आता तरी हो म्हणाल. तुमचा आवाज गेला होता. तुम्ही नुसती मान हलवलीत. नाही.

तुम्हाला निरोप द्यायला उमरेडहून एक अख्खी बस आली होती. परत जाताना सोसायटीचे लोक माझ्याशी थांबले. म्हणाले, बाई, आता साहेबांचं नाव दगडावर टाकून घेऊ. आता ते नाही थोडेच म्हणणार?

मी त्यांना नको म्हटलं. तुम्ही जिवंत असताना मी तुमच्याशी जिंकू शकले नाही. तुम्ही गेल्यावर जिंकणं मला शोभणार नाही. पण तुम्ही नाही म्हणालात ते दगडाला. कागदाला नाही म्हटलं नव्हतंत. म्हणून इथं लिहिते आहे, छापून येईल तेव्हा लोक वाचतील: उमरेडची इमारत हर्बर्ट लोमान आणि कुसुम अशा दोघांनी बांधली. यावर तुमचं काही म्हणणं असेल तर ते मला ऐकू येणार नाही. त्याचं मात्र फार वाईट वाटतं, साहेब. फार.

आज सकाळी ऑफिस उघडलं. सावनेरचा एक कापसाचा व्यापारी आणि त्याची बायको जिना चढून आली. घर बांधायचं होतं.

"जर्मन सायेब कोठं बसतात?"

मी सांगितलं. त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "मंग आमचं घर?"

"मी बांधते."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मागं आणखी कोणी आहे का ते पाहिलं. त्याच्या बायकोनं तोवर खुर्ची ओढून घेतली होती.

"पाहून काय राहिले?" ती त्याला म्हणाली. "बसा ना. मले सांगायचं हाय तिले, माह्या रांधनीत धूर कसा कोंडते ते. सायेबाले मी हे सांगितलं असतं का?"

तो बसला. बाई दीड तास बोलली, आणि मी सगळं लिहून घेतलं. उद्या पहिल्या बसनं सावनेरला जाते आहे, जागा पाहायला.

तुमची,
कुसुम